तपासणाऱ्याचं नाव

रागिणी दुपारच्या गाडीनं येते म्हणाली, तेव्हापासून महादेवरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळचा चहा निम्मा तसाच राहिला. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी टेबलावरून हात फिरवला, वायरी गुंडाळल्या, पुन्हा सोडल्या, पायात येऊ नये म्हणून खुर्ची भिंतीला नेऊन टेकवली. मग दुर्गाबाईंना हाक मारून विचारलं, शर्टावर डाग तर नाही ना.

“डाग नाई,” दुर्गाबाई म्हणाल्या. “पण तिले सांगून टाका आज.”

“काय सांगू?”

“जे हाये ते.”

जे होतं ते एवढंच, की त्यांचे डोळे गेले होते. अगदी ठार अंधार नव्हता. उजेड कळायचा, दारात माणूस आलं तर काहीतरी उभं आहे हेही कळायचं. पण नजरेच्या मधोमध करपलेल्या दुधासारखा तपकिरी थर बसला होता आणि ज्याच्याकडे बघावं ते नेमकं त्या थराखाली जायचं. साखरेचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी डोळ्यांत सुया दिल्या, लेसर केलं आणि दिवाळीनंतर सांगितलं की आता उरलंय तेवढं सांभाळा. ही गोष्ट घरातल्या दोघांना आणि डॉक्टरांना ठाऊक होती. रागिणीला नव्हती. तिला सांगणं जड होतं, कारण महादेवराव तिच्यासोबत जे काम करत ते पडद्याकडे बघायचंच काम होतं.

एके काळी अकोल्यात डाबकी रोडवर त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी सकाळी ज्याचा टीव्ही बंद पडे, तो माणूस चप्पल न घालता धावत येई, आणि महादेवराव निवांत पान लावत त्याला अजून थोडं घाबरवत. पाठीमागचं झाकण न उघडता, नुसत्या आवाजावरून ते बिघाड सांगत आणि त्याचा त्यांना बऱ्यापैकी गर्व होता. पुढे चपटे टीव्ही आले. ते दुरुस्त करायचेच नसतात, फेकायचे असतात, असं लोकांना कोणीतरी शिकवलं आणि दुकान बसलं. त्याच सुमाराला गल्लीतला कॉम्प्युटर क्लास बंद पडला. तिथल्या जुन्या मशीन भंगारात निघाल्या, तर भंगारवाल्याच्या आधी महादेवराव हातगाडी घेऊन हजर. दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला. रिटायर झालेला माणूस रिटायर झालेल्या मशीन घरात आणतो, याला काय म्हणावं ते त्यांना सुचेना.

रागिणीचं येणं त्या मशीनपायीच झालं. भातकुलीकडच्या फुलांच्या मळेवाल्यांची ही मुलगी. आईवडील झेंडू, शेवंती लावतात, भाऊ टेम्पोनं माल पोचवतो. ती बडनेऱ्याला इंजिनिअरिंग शिकत असताना तिला एक जुनं, बाजारातून गेलेलं चित्राचं कार्ड हवं होतं आणि कोणीतरी महादेवरावांचं नाव सांगितलं. कार्ड न्यायला आलेली पोरगी संध्याकाळपर्यंत बसली, जेवली, आणि तेव्हापासून काका-काकू म्हणू लागली. आता ती अमरावतीला साईनगरात राहून कंपनीची नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात हे दुसरं, बिनपगारी काम.

ते काम शेजारच्या जानरावांना समजावताना महादेवरावांची दमछाक होई. कॉम्प्युटरच्या पोटात एक गाभा असतो. कोणाच्याही मालकीचा नाही असा एक गाभा जगभरची माणसं मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. त्या गाभ्याला पडद्यावर चित्र उमटवायचं तर चित्राच्या कार्डाशी बोलावं लागतं, आणि दर कार्डाची बोली वेगळी. ती बोली ज्यात लिहिलेली असते त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे सगळं मान डोलावत ऐकून जानराव शेवटी विचारत, “म्हंजे गाडी कोणती चालोता तुमी?”

दोनेक वर्षांमागे गाभ्याच्या कर्त्या माणसांनी ठरवलं, की जुने ड्रायव्हर नव्या पद्धतीनं पुन्हा लिहायचे. ज्याला लिहिणारा नाही, किंवा लिहिल्यावर खऱ्या कार्डावर चालवून बघणारा नाही, तो काढून टाकायचा. महादेवरावांच्या मशीनमधलं कार्ड त्या जाणाऱ्यांतच होतं. रागिणीला ते पाहवलं नाही. अजून कुठल्या कुठल्या देशांतल्या शाळांत ही कार्डं चालतात, ती बंद का पाडायची, असं म्हणून तिनं काम अंगावर घेतलं. ती अमरावतीत लिहायची आणि महादेवराव अकोल्यात चालवून बघायचे.

या लोकांची एक रीत होती. गाभ्यात केलेल्या प्रत्येक बदलाखाली नावं लिहायची. ज्यानं लिहिलं त्याचं, ज्यानं चालवून तपासलं त्याचं, कोणी चूक दाखवली असेल तर त्याचंही. आणि एकदा आत गेलेलं नाव पुढे कोणालाही पुसता येत नसे. रागिणीनं पहिल्यांदा ते वाचून दाखवलं, तपासणारे महादेव निमकर्डे, अकोला, तेव्हा महादेवरावांनी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. आयुष्यभर लोकांचे टीव्ही सुरू करून दिले, पण टीव्हीवर कोणी त्यांचं नाव लिहिलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवरसुद्धा वडिलांचं होतं.

तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. मशीन सुरू करायची आणि एक फोटो पडद्यावर लावायचा. फोटो दुर्गाबाईंच्या माहेरचा, मोर्शीकडचा. संत्र्याचा बगीचा, झाडाखाली तोडलेल्या संत्र्यांचा ढीग, आणि ढिगाला टेकून दुर्गाबाईंचा धाकटा भाऊ पुंजाराम हसत बसलेला. या एका फोटोत पानांचा हिरवा होता, संत्र्याचा केशरी होता आणि माणसाचा चेहरा होता, त्यामुळे चित्र कुठे बिघडलं तर लगेच लक्षात यायचं.

डोळे गेल्यावरही महादेवराव तपासत राहिले. लबाडी म्हणून नव्हे. त्यांना खरोखर वाटत होतं, की आपल्याला जमतंय. टंकायला बोटं सवयीची होती, मेल फोन वाचून दाखवायचा. मॉनिटर जुना, जाड पाठीचा. चालू झाला की धप्प करायचा, चित्राचा आकार बदलला की आतून टक् आवाज यायचा, चित्र थरथरलं तर गुणगुण बदलायची. काचेजवळ हात नेला की दंडावरची लव उभी राहायची, म्हणजे पडदा जिवंत आहे. पडदा काळा पडला तर तेवढं त्यांना दिसायचंच. एवढ्यावर ते रागिणीला कळवत, चित्र व्यवस्थित. आणि दोनदा तर कानानंच पकडलेली चूक खरी निघाली होती. मग त्यांचा धीर अजून वाढला.

गाडी वेळेवर आली. रागिणी ऑटोतून उतरली ती हातात शेवंतीचा पुडा घेऊनच. काकूंच्या देवाला फुलं दिली, पाणी प्याली, घरच्यांची खुशाली झाली. मग म्हणाली, दूरच्या देशातल्या एका शाळेतून तक्रार आली आहे, नव्या ड्रायव्हरनं चित्राचे रंग बिघडतात म्हणून. त्यांच्याच मशीनमध्ये काही असेल, कारण आपल्याकडे तर काकांनी पाहिलंय. तरी एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून आले.

महादेवरावांना आत कुठेतरी हायसं वाटलं. ती आपल्याला नाही, शाळेला तपासायला आली होती. ते उत्साहानं उठले, भिंतीचा अंदाज घेत मागच्या खोलीत गेले, मशीन सुरू केली. धप्प झालं. टक् झालं. बोटांनी सवयीनं आज्ञा दिली आणि फोटो लागला. त्यांनी दंड काचेजवळ नेऊन बघितला आणि खुर्ची तिच्यासाठी पुढे केली.

“हे पाह्य,” ते म्हणाले. “काई बिघडेल हाये का यात?”

रागिणी काही बोलली नाही.

“आंबिया बहारातले हायेत ते. पुंजारामचा हात होता त्या झाडाईवर. कसा रंग चढला पाह्य.”

तरीही ती बोलेना. मागे दारात बांगड्या वाजल्या, दुर्गाबाई चहा घेऊन उभ्या होत्या. कपबशी ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही.

“काका,” रागिणी अगदी हळू म्हणाली, “तुमाले कशे दिसून राह्यले हे संत्रे?”

“संत्र्यावाणी. अजून कशे दिसतीन?”

त्या खोलीत मॉनिटरची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. महादेवरावांनी आयुष्यभर आवाजांवरून बिघाड ओळखले होते. समोर बसलेल्या पोरीच्या गप्प राहण्यावरून त्यांनी हाही ओळखला. टेबलाची कड धरून त्यांनी तोंड दाराकडे फिरवलं.

“दुर्गे, कोणत्या रंगाचे हायेत?”

“निळे,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“अन् पुंजाराम?”

“तो बी.”

चूक साधी होती. लाल आणि निळा यांच्या जागा अदलाबदल झाल्या होत्या. लाल, हिरवा, निळा या क्रमात हिरवा मधे असतो म्हणून पानं शाबूत राहिली आणि संत्री निळी पडली, माणसाची कातडी निळी पडली. शाळेतलं पोरगंही ओळखेल अशी चूक, आणि शाळेतल्या पोरांनीच ती ओळखली होती. रंगाला आवाज नसतो, हे महादेवरावांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पण त्यांना लागलं ते वेगळंच. पुंजाराम मागच्या पावसाळ्यात गेला. बगीच्यात फवारणी करताना औषध अंगात भिनलं, अमरावतीला नेईपर्यंत तो निळा पडला होता. दुर्गाबाईंनी भावाचं तोंड पाहिलं ते तसं. आणि थंडीत एकदा, महादेवराव असेच मशीन लावून बसले असताना, त्या झाडू मारता मारता पडद्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या होत्या, पुंजाराम निळा दिसते हो. महादेवरावांना वाटलं, हिच्या डोळ्यांपुढून ते जात नाही. त्यांनी मायेनं तिला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, की विसर आता, किती दिवस तेच पाहशील. दुर्गाबाई डोळे पुसून उठून गेल्या. त्यानंतर त्या खोलीत त्या फारशा आल्याच नाहीत, आल्या तर पडद्याकडे पाठ करून झाडायच्या. आणि महादेवरावांनी त्याच दुपारी रागिणीला कळवलं होतं, चित्र व्यवस्थित.

“तुनं सांगतलं होतं मले,” ते म्हणाले.

“मले वाटलं तुमचं असंच रायत असन यंत्रात,” दुर्गाबाई म्हणाल्या. “मले काय समजते त्यातलं.” आणि चहा टेबलावर ठेवून त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

रागिणीनं डोळ्यांचं सगळं विचारून घेतलं. कधीपासून, कोणाला दाखवलं, नागपूरला नेऊ का, अजून कुठे दाखवू का. तिच्या आवाजात राग शोधायचा महादेवरावांनी प्रयत्न केला, पण तो सापडला नाही. राग असता तर बरं झालं असतं. मग ती कामाचं बोलू लागली. लाल-निळ्याची दुरुस्ती तिला पाच मिनिटांची होती. ती करते, गुपचूप पाठवते, कोणी काही विचारत नाही, चुका सगळ्यांच्याच होतात, असं ती भराभर म्हणाली.

“अन् मांगच्या बदलाखाली नाव कोणाचं हाये?” महादेवरावांनी विचारलं.

“तुमचं.”

“पुसता येते?”

“नाई येत, काका.”

“मंग गुपचूप कशी करतं? खोटं तर तिथं तसंच रायते.” त्यांनी खुर्ची चाचपून तिच्या बाजूला ओढली. “लिही. समद्याईले जाईन असं लिही. मी सांगतो तसं.”

रागिणीनं लॅपटॉप उघडला. महादेवराव वऱ्हाडीत सांगू लागले, ती इंग्रजीत लिहू लागली. त्यांनी सांगितलं, की या ड्रायव्हरखाली तपासणारा म्हणून माझं नाव आहे. दिवाळीपासून माझे डोळे गेले आहेत. मला रंग दिसत नाहीत, अक्षर दिसत नाही. तरी मी पाहिलं म्हणून कळवत राहिलो. तेव्हापासूनच्या माझ्या नावावर कोणी भरवसा ठेवू नये, ते सगळं पुन्हा तपासून घ्यावं. शाळेतल्या पोरांना त्रास झाला त्याची मी माफी मागतो.

सांगून झालं तेव्हा रागिणीची बोटं केव्हाची थांबलेली होती.

“येवढ्यात झालं?”

“इंग्रजीत लहानच होते, काका.”

“तू लिहाले लागली का तुहे बोटं थांबत नाई, मी ऐकतो ना फोनवर. आता काहून थांबले?”

तिनं रडवेल्या आवाजात वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं, की अकोल्यातल्या मशीनमध्ये बिघाड झाल्यानं तपासणीत चूक राहिली.

महादेवरावांनी हात पुढे करून मॉनिटरच्या तापलेल्या पाठीवर ठेवला.

“मशीन चांगली हाये,” ते म्हणाले. “तिचं नाव नोको घेऊ.”

रागिणीनं सगळं खोडलं आणि त्यांनी सांगितलं होतं तसं लिहिलं. या वेळी बोटं बराच वेळ चालली. पाठवायच्या आधी ती थांबली. खरं तेच सांगायचं तर पुढचंही सांगायला हवं होतं. ती म्हणाली, हे पत्र गेलं, की या कार्डाला तपासणारा उरला नाही असं होईल, आणि तपासणारा नाही म्हटल्यावर कर्ती माणसं तो ड्रायव्हर काढून टाकतील. दोन वर्षांचं काम जाईल. त्या शाळेतल्या मशीनही बंद पडतील.

“मशीन तुह्या घरी ने,” महादेवराव म्हणाले. हे बहुधा पत्र सांगता सांगताच त्यांनी मनाशी ठरवलं होतं. “तूच लिही अन् तूच पाह्य. नाई तर तुह्या शेजारचं कोणी धडधाकट डोळ्याचं पाह्य. तुह्या भावाचा टेम्पो येते ना फुलं घेऊन बाजारात? वापस जाताना रिकामाच जाते.”

“उद्या येते तो.”

“मंग उद्याच घेऊन जाऊ दे.”

पत्र गेलं. पाठवल्यावर लॅपटॉपमधून बारीकसा आवाज झाला, तेवढाच. चहा थंड झाला होता, दुर्गाबाईंनी दुसरा टाकला. तोवर रागिणीनं दुरुस्ती केली, नवा ड्रायव्हर मशीनमध्ये घातला, मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. धप्प झालं, टक् झालं. महादेवराव सवयीनं पुढे वाकले आणि मग आठवल्यासारखे मागे सरले.

“काकू,” रागिणीनं हाक मारली, “पाहा बरं आता.”

दुर्गाबाई पदराला हात पुसत आल्या. पडद्यासमोर यायला त्यांनी जरा वेळ घेतला. आल्या आणि उभ्या राहिल्या.

“कशे हायेत?” महादेवरावांनी विचारलं.

“संत्रे संत्र्यावाणी हायेत.”

“पानं?”

“हिरवे.”

पुंजारामचं विचारणं महादेवरावांच्या तोंडून निघेना. दुर्गाबाईंनीच सांगितलं. “हासून राह्यला तो. तोंड चांगलं हाये. उन्हानं रापलं तसं.”

रागिणीनं नाक ओढलं आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळली. रीतीप्रमाणे दुरुस्तीखाली नावं लिहायची होती. चूक कळवणारे म्हणून त्या शाळेचं नाव तिनं लिहिलं होतं. महादेवरावांनी तिला थांबवलं आणि त्याच्या वर अजून एक नाव घालायला सांगितलं, दुर्गाबाई निमकर्डे, अकोला. शाळेच्या आधी तिनं कळवलं होतं, ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही. आणि खाली, तपासणाऱ्याच्या जागी, पुन्हा तेच नाव.

दुर्गाबाई ओशाळल्या. “काई तरी नोका करू. मले मशीन सुरू कराले बी नाई येत. तिथं तुमचं नाव असू द्या.”

“तुले दिसते ना,” महादेवराव म्हणाले. “तिथं ज्याले दिसते त्याचं लागते.”

संध्याकाळच्या गाडीसाठी रागिणी निघाली. निघताना ती पाया पडली आणि उठायला तिनं जरा उशीर केला. फोटो तुमच्या फोनमध्ये टाकून देते, असं काकूंना म्हणाली. फोनमध्ये तो लहान दिसते, दुर्गाबाई म्हणाल्या, पण टाक. ऑटो वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या होत्या.

घरात आल्या तर महादेवराव मागच्या खोलीत मशीनजवळच बसलेले. रोज काम संपलं, की बटन तेच बंद करायचे. आजही त्यांचं बोट बटनावर होतं. उद्या टेम्पो येणार, तर मशीन गार झालेली बरी, असं ते म्हणाले.

“राहू द्या थोडा वेळ,” दुर्गाबाई म्हणाल्या.

महादेवरावांनी बोट काढून घेतलं आणि चाचपत थोडं बाजूला सरकून तिला जागा करून दिली. दुर्गाबाई पडद्यासमोर बसल्या आणि भावाकडे बघत राहिल्या. महादेवराव शेजारी बसून मॉनिटरची गुणगुण ऐकत राहिले, आणि दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.